जुन्या हापूस कलमांचे पुनरुज्जीवन: छाटणी आणि त्यानंतरची तीन वर्षे

कोकणात १० बाय १० मीटरवर लावलेली हापूसची बाग चाळिशी ओलांडते, तोवर शेजारच्या कलमांच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या असतात. खाली भर दुपारीही सावली, बुंध्याशी पातेरा, मधल्या फांद्या उघड्याबोडक्या आणि पाने फक्त वर, छत्रीसारखी. आंब्याला मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्यावर, आणि त्या शेंड्याला ऊन लागते. बाग अशी दाटली की ऊन मिळणारे शेंडे फक्त १०-१२ मीटर उंचीवर उरतात. तिथे फवारणी नीट पोचत नाही, तुडतुड्यांना आत आयती सावली मिळते, आणि आंबा काढायला चढणारा गडी जीव मुठीत धरून चढतो.

असे झाड म्हातारे झाले म्हणून तोडायची घाई करू नका. मुळे शाबूत असतील आणि खोड पोकळ नसेल, तर जुन्या फांद्यांच्या सालीखालचे सुप्त डोळे फुटतात आणि तीन-चार वर्षांत त्याच बुंध्यावर नवे, बुटके, उत्पन्न देणारे झाड उभे राहते. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. करवत चालवण्याचे काम एका दिवसाचे असते. झाड जगते किंवा मरते ते पुढच्या दोन पावसाळ्यांतल्या देखभालीवर. ती करायला माणूस आणि वेळ नसेल, तर जोरकस छाटणीच्या वाटेला जाऊ नका. मधली फांदी काढून थांबा.

कोणते झाड छाटायचे, किती छाटायचे

पावसाळ्यानंतर बागेत फिरून प्रत्येक झाड पाहा. कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोका. आवाज पोकळ आला, किंवा बुंध्याशी ताजा भुसा आणि भोके दिसली, तर आधी भिरुडाचा (खोड पोखरणाऱ्या किड्याचा) बंदोबस्त करा आणि छाटणी एक वर्ष पुढे ढकला. खोडाचा अर्ध्याहून अधिक भाग कुजलेला असेल, तर त्या झाडावर पैसा घालू नका. कातळावरच्या, हातभर मातीतल्या झाडाची मुळे उथळ असतात, म्हणून त्याला एकदम उघडे पाडू नका.

छाटणीचे तीन प्रकार आहेत, आणि एकाच बागेत तिन्ही लागू शकतात.

सर्वांत सौम्य म्हणजे मध्य मोकळा करणे. झाडाच्या पोटातून सरळ वर गेलेली एखादी-दुसरी मोठी फांदी मुळाशी काढायची. आत ऊन उतरते, फवारणीचा पाईप आत जातो, आणि उत्पन्नात फारशी खोट येत नाही. अजून बऱ्यापैकी आंबा देणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या कलमांना एवढेच पुरे.

मधला प्रकार म्हणजे उंचीचा वरचा एक तृतीयांश भाग उतरवणे. १२ मीटरचे झाड ८ मीटरवर येते. कातळावरच्या बागांना आणि मध्यम जोमाच्या झाडांना हे मानवते.

तिसरी जोरकस छाटणी: जमिनीपासून ४ ते ५ मीटरवर चहूबाजूंना पसरलेल्या तीन ते पाच मुख्य फांद्या ठेवून बाकी सगळे उतरवायचे. ही दाट, उंच, उत्पन्न गमावलेल्या बागेसाठी. पुढचे निदान दोन हंगाम त्या झाडाकडून आंब्याची आशा ठेवायची नाही. त्यामुळे सगळी बाग एकाच वर्षी कधीही छाटू नका. एक आड एक ओळ घ्या. उरलेल्या ओळी तीन वर्षांनी, पहिल्या ओळींना फळ धरू लागल्यावर. मधल्या काळात न छाटलेल्या ओळींनाही बाजूने ऊन मिळते आणि त्यांचे उत्पन्न टिकते.

जोरकस छाटणीतही प्रत्येक झाडावर एक पानांची बारीक फांदी राखून ठेवा, शक्यतो उत्तरेकडची. मुळांचा पसारा मोठा असतो आणि त्याला अन्न पुरवायला पानेच उरली नाहीत, तर मुळे मागे सरतात. नवी पालवी जून झाली, म्हणजे साधारण वर्षाने, ती फांदी काढून टाका.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन कार्यालयांत जाऊन या. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आहे. मोठ्या फांद्या उतरवण्यासाठी कोणती परवानगी लागते ते वनक्षेत्रपाल कार्यालयात आधीच विचारा. दुसरे कार्यालय तालुका कृषी अधिकाऱ्यांचे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात जुन्या फळबागांच्या पुनरुज्जीवनासाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे. छाटणी उरकल्यावर अर्ज करायला गेलात, तर पाहणी कशाची करायची हाच प्रश्न येतो.

छाटणीचा दिवस

कोकणात योग्य काळ म्हणजे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. जमिनीत ओल असते, साल कोरडी झालेली असते आणि उन्हाळ्याचा तडाखा येईपर्यंत फुटीला वेळ मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये छाटलेल्या झाडाच्या उघड्या फांद्या उन्हाने भाजतात, आणि पावसात छाटलेल्या झाडाच्या जखमा ओल्या राहून कुजतात. झाडाला दरवर्षी कल्टार (मोहोरासाठी मातीत घालायचे, वाढ रोखणारे पॅक्लोब्युट्राझोल) घालत असाल, तर छाटणीच्या आधीच्या पावसाळ्यात ते बंद ठेवा. मातीतला पॅक्लोब्युट्राझोलचा अंश नव्या फुटीला आखूड आणि गुच्छासारखी करतो.

मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात कधीही तोडू नका. ती अर्धी कापली गेली की स्वतःच्या वजनाने खाली येते आणि सालीची लांब पट्टी मुख्य फांदीवरून किंवा खोडावरून सोलत नेते. अशी सोललेली साल पुन्हा चिकटत नाही, आणि भिरुडाला अंडी घालायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. कापाचा क्रम असा ठेवा. जिथे अंतिम काप हवा त्याच्या दीड फूट बाहेर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश काप घ्या. मग त्याच्याही दोन-तीन इंच बाहेर वरून कापत या. फांदी स्वच्छ तुटून पडते. शेवटी उरलेला खुंट हव्या त्या जागी नीट कापा.

ही शेवटची जागा महत्त्वाची. फांदी पूर्ण काढायची असेल, तर ती जिथून निघते तिथे सालीचा एक फुगीर कडा दिसतो. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्या. कडा कापून खोडाशी सपाट केलात, तर जखम दुप्पट होते. हातभर खुंट ठेवलात, तर तो वाळून आतपर्यंत कुजतो. उंची कमी करताना उभ्या फांदीवरचा काप बाहेरच्या बाजूला उतरता घ्या, म्हणजे पावसाचे पाणी त्यावर साचणार नाही.

चेनसॉला धार हवीच. बोथट साखळी लाकूड कापण्याऐवजी जाळते आणि कडा चिंध्यांसारखी होते. जड फांद्यांना आधी वरच्या मजबूत फांदीवरून दोर बांधून घ्या. शिडीवर उभे राहून चेनसॉ चालवू नका. झाडाजवळून विजेची तार जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. बांडगूळ असेल, तर ते चिकटलेल्या जागेच्या हातभर खालून फांदीसकट काढा. वरवर तोडलेले बांडगूळ सालीतल्या मुळांतून पुन्हा फुटते.

जखमेवर बोर्डो मलम, उघड्या सालीवर चुना

मलम त्याच दिवशी लावायचे, म्हणून ते छाटणीच्या सकाळीच तयार ठेवा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे १० टक्के मलमाचे प्रमाण आहे. मोरचूद गोणपाटाच्या पुरचुंडीत बांधून ५ लिटर पाण्यात रात्रभर लटकत ठेवा, सकाळपर्यंत विरघळते. चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यात फोडा, थंड झाल्यावर ५ लिटर करून गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि काठीने ढवळत राहा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. लोखंडी पत्र्याचे किंवा जस्ताचे चालत नाही, मोरचूद ते खातो. मिश्रण आकाशी रंगाचे दिसले पाहिजे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर बसला, तर मोरचूद मोकळा उरला आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा खिळा बुडवा, थर बसायचा थांबेपर्यंत. मलम त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते फाटते.

कापावर आणि त्याच्याभोवती वीतभर सालीवर ब्रशने जाड थर द्या. हा थर पहिल्या पावसात टिकत नाही, म्हणून मेअखेर पुन्हा लावा, आणि पाऊस संपल्यावर तिसऱ्यांदा. दुर्लक्ष होते ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी.

आजवर सावलीत राहिलेल्या फांद्यांची साल आता थेट उन्हात येते. दक्षिण आणि पश्चिम बाजूची साल तडकली की तिथून फांदेमर सुरू होते. उघड्या पडलेल्या सगळ्या मोठ्या फांद्यांवर आणि खोडावर चुन्याचा पातळ हात फिरवा. काम साधे आहे, खर्च नगण्य आहे, आणि ते न केल्यामुळे बरीच झाडे एका बाजूने मरतात.

उतरवलेला पाला बागेतच आच्छादनाला वापरा. भोके पडलेली लाकडे मात्र बांधावर रचून ठेवू नका. ती चिरून आतल्या अळ्या मारा किंवा लाकडे जाळून टाका.

फूट येते तेव्हा

जोमदार झाडावर दोन-तीन महिन्यांत फुटवे दिसू लागतात. अशक्त झाडावर ते मार्चपर्यंतही लांबतात. तोवर झाड मेले असे समजू नका. साल नखाने किंचित खरवडून पाहा, आत हिरवी असेल तर झाड जिवंत आहे. जानेवारीपासून पावसापर्यंत, पाण्याची सोय असेल तिथे, दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्या आणि आळ्यात पातेरा पसरा. या अवस्थेत युरिया घालू नका.

एकेका कापाशी वीस-तीस फुटवे गर्दीने येतात. ते सगळे राहू दिले, तर उंच, लवचिक, बारीक काड्यांचा झुडपा होतो आणि दोन वर्षांत बाग पहिल्याहून दाट दिसते. एकदम चार ठेवून बाकी काढणेही चुकीचे. त्यातले दोन पावसाळी वाऱ्याने फाटतात, एखादा शेंडा पोखरणाऱ्या अळीने जातो, आणि ती फांदी रिकामी राहते. म्हणून विरळणी दोनदा करा. मार्च-एप्रिलमध्ये, फुटवे हातभर झाल्यावर, प्रत्येक फांदीवर आठ ते दहा ठेवा. दुसरी विरळणी पाऊस लागल्यावर, जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हा चार ते सहा निवडा.

ठेवायचा फुटवा बाहेरच्या बाजूला झुकलेला असावा आणि शेजारच्या फुटव्यापासून निदान वीतभर अंतरावर, वेगळ्या उंचीवर असावा. कापाच्या अगदी काठावर उगवलेला, सरळ उभा, सर्वांत जोमदार फुटवा मनाला भुरळ घालतो. पण त्याचा सांधा केवळ सालीत असतो. फळाच्या भाराने किंवा वादळात तो मुळासकट निखळतो. कापाच्या हातभर खालून निघालेले फुटवे जास्त भरवशाचे. काढायचे फुटवे सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) तळाशी कापा, हाताने ओढून सोलू नका.

आणखी एक तपासणी न चुकता करा. खोडावर कलमाचा सांधा कुठे आहे ते शोधा. त्याच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या साध्या आंब्याचा आहे. तो हापूसपेक्षा वेगाने वाढतो आणि लक्ष दिले नाही तर काही वर्षांत झाड त्याचेच होते. दिसताक्षणी काढा.

निवडलेले फुटवे दोन-अडीच फुटांचे झाले आणि पाने गडद हिरवी झाली की शेंडा खुडा. खाली दोन-तीन उपफांद्या फुटतात. घेर बनतो तो यांच्यामुळे.

कोवळ्या पालवीवर कीड-रोग तुटून पडतात, कारण आसपासच्या बागेत त्या वेळी एवढी कोवळी पाने नसतात. शेंडा मान टाकून वाळला, तर आत अळी आहे. वाळलेल्या भागाच्या दोन इंच खालून कापून नष्ट करा. पानांवर काळे ठिपके पडून ती वेडीवाकडी झाली तर तो करपा. त्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, पावसाची उघडीप साधून फवारा. तुडतुडे आणि मिजमाशीसाठी कोणते कीटकनाशक वापरायचे ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकात पाहूनच ठरवा. ही यादी बदलत असते.

भिरूड

छाटलेली कलमे मरण्याचे मोठे कारण हा खोडकिडा आहे. त्याचे लांब मिशांचे भुंगेरे पावसाच्या सुरुवातीपासून बाहेर पडतात आणि मादी सालीतल्या खाचांत व जखमांत अंडी घालते. अळी सालीखालून आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड पोखरते. बाहेर दिसतो तो फक्त भुसा आणि एखादा चिकट ओघळ. पाने पिवळी पडून फांदी वाळायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जून ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक छाटलेल्या झाडाच्या बुंध्याशी, फांद्यांच्या बेचक्यांत आणि कापांखाली भुसा शोधा. भुसा सापडला की त्याच्या वरची साल चाकूने साफ करून जिवंत भोक शोधा. ताजा भुसा ओलसर आणि फिकट असतो, जुना काळपट. टोकाशी आकडी केलेली तार आत सरकवून अळी ओढून काढा. ती हाती लागली नाही, तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत दाबा आणि भोक चिखलाने लिंपून घ्या. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. चिखल फोडून नवा भुसा आला असेल, तर अळी जिवंत आहे, कृती पुन्हा करा.

खत आणि मोकळी झालेली जमीन

दहा वर्षांवरील कलमाला वर्षाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश ही मात्रा द्यायची, ती छाटणीनंतरच्या जूनमध्ये. चर दीड ते दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल. जागा निवडताना घोटाळा होतो: झाड आता लहान दिसते म्हणून खत बुंध्याजवळ टाकले जाते. पण अन्न घेणारी बारीक मुळे अजून जुन्या घेराखालीच आहेत. चर तिथेच, जुन्या विस्ताराच्या कडेपासून थोडा आत काढा. म्हणून छाटणीपूर्वीच घेराच्या चार बाजूंना खुंट्या ठोकून ठेवा. फुटवे लांबच लांब, पेरी दूरदूर आणि पाने फिकट येऊ लागली, तर पुढच्या वर्षी युरिया निम्म्यावर आणा.

जमिनीवर ऊन आले की तण माजते. पहिल्या पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा. ज्यांना मधली दोन वर्षे थोडे उत्पन्न हवे त्यांनी ओळींमध्ये हळद, सुरण घ्यावे आणि पावसाळ्यानंतर ओलीवर कुळीथ किंवा चवळी. बुंध्यापासून सहा फुटांच्या आत मात्र कुदळ चालवू नका.

जुन्या बागेत रायवळ झाडेही असतात. तीही अशीच छाटून, पावसाळ्यात पेन्सिलइतक्या जाड झालेल्या फुटव्यांवर हव्या त्या जातीच्या काड्यांचे कलम बांधता येते. त्यातली काही झाडे हापूसशिवाय दुसऱ्या जातीची करा, उदाहरणार्थ केशर, किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेला रत्ना. निव्वळ हापूसच्या बागेत परागीभवन अपुरे राहते आणि फळधारणा कमी होते.

पहिला मोहोर

पहिल्या हिवाळ्यात राखून ठेवलेल्या फांदीवर मोहोर आला तर खुडून टाका. दुसऱ्या हिवाळ्यात जाड, पक्व काड्यांवर थोडा मोहोर दिसेल. झाड जोमात असेल तर तो राहू द्या, पण फांदीला पेलतील एवढीच फळे ठेवा. खरी फळधारणा तिसऱ्या हंगामापासून.

कल्टारची घाई करू नका. नवा घेर निदान चार मीटर व्यासाचा झाल्याशिवाय ते घालू नये. घालायचे तेव्हा घेराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर व्यास मोजून सरासरी काढा आणि दर मीटरला ३ मिलि कल्टार घ्या. चार मीटरच्या झाडाला १२ मिलि. जुन्या झाडाच्या हिशेबाने ३० मिलि ओतले, तर नवी पालवी गोळा होऊन बसते आणि तो परिणाम पुढेही टिकतो. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध वर्तुळात पहारीने पाडलेल्या २५-३० भोकांत (खोली १० ते १२ सेंमी) सारखे वाटून ओता. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, जमिनीत ओल असताना, आळ्यातले तण काढून झाल्यावर.

चौथ्या वर्षापासून दर हंगामाला आंबा उतरला की पाऊस लागण्यापूर्वी पोटातल्या सरळ उभ्या फांद्या, वाळक्या काड्या आणि बांडगूळ काढा. झाड सहा मीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्या वेळी काढायच्या फांद्या अंगठ्याएवढ्याच असतात आणि सिकेटर व हातकरवतीने काम भागते.